मागच्या बाजूची सही

माझ्या थोरल्या बहिणीला सगळा बाजार 'मागची-पुढची' म्हणतो, कारण ती प्रत्येक कागदावर दोन्ही बाजूंना सही करते. मागची बाजू कोरी असली तर तिरकी रेघ ओढून तिच्यावर सही. बाबांनी तिला खुर्च्यांच्या कारखान्यात पहिल्यांदा बसवलं तेव्हा बजावलं होतं, "कागदाची पाठ कधी मोकळी सोडू नकोस, कोणीही काहीही लिहील." बाबा गेले, ताईची पन्नाशी उलटली, सवय काही गेली नाही. मुलीच्या प्रगतिपुस्तकावरही तिने मागे रेघ ओढून सही केली होती. बाईंनी शाळेत बोलावून घेतलं.

हसू नका. त्याच सहीने आमचा घात केला. आजही आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

झालं असं. आमच्या दोनशे खुर्च्या जहाजाने परदेशी गेल्या. तिकडे कंटेनर उघडला तर आत बुरशीच बुरशी. कंटेनरच्या छताला भोक, गिऱ्हाइकाने फोटोसुद्धा पाठवला. आणि जहाजकंपनीने काय लिहावं? "माल भरला तेव्हाच लाकूड ओलं होतं." ओलं! आमचं लाकूड!

आमचं लाकूड पारखतात सुतारकाका. बाबांच्या वेळचे, वय चौऱ्याहत्तर. फळी गालाला लावतात, डोळे मिटतात, आणि त्यांनी मान डोलावली तरच ती फळी आत येते. मी ते पत्र त्यांना वाचून दाखवलं, तेच चुकलं माझं. दोन दिवस माणूस धड जेवला नाही. तिसऱ्या दिवशी ताईसमोर येऊन म्हणाले, "पोरी, मला कोर्टात उभं कर. मी सांगतो काय ते."

"करते काका. शब्द दिला," ताई म्हणाली, आणि आम्ही केस ठोकली.

पहिल्या तारखेला काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. पिशवीत त्याच लाकडाचा हातभर तुकडा. कंपनीचा वकील उठला. लाकडाचं नाव नाही, भोकाचं नाव नाही! म्हणे, माल घेतल्याची जी पावती कंपनी देते, तिच्या मागे छापलेलं असतं की तंटा झाला तर तो कंपनीच्या देशातल्या कोर्टात चालेल. तेव्हा या कोर्टाने ही केस ऐकूच नये.

दोन वर्षं! दोन वर्षं फक्त एवढ्यावर खल चालला, की ऐकायचं कोणी. काका प्रत्येक तारखेला तोच शर्ट, तीच पिशवी घेऊन हजर. मधे त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, विमानाचं नाव काढायचं नाही. म्हणजे केस तिकडे गेली की काका संपले, साक्षीदार म्हणून.

पण आमच्या वकीलबाईंकडे हुकमी पान होतं. आमचा माल भरला त्या दिवशी कंपनीच्या इथल्या एजंटाकडचे छापील फॉर्म संपले होते, म्हणून तिथल्या कारकुनाने पावती साध्या कागदावर काढून दिली. पाठ कोरी! होती ती फक्त ताईची तिरकी रेघ आणि सही.

"साहेब, जी अट छापलीच नाही, ती माझ्या अशिलाने कबूल कशी केली?" वकीलबाईंनी विचारलं. न्यायाधीशांनी कागद उलटसुलट पाहिला. मी मनात म्हटलं, जिंकलो.

तेव्हा त्या वकिलाने एक जाडजूड फाइल काढली. आमच्या आधीच्या एकोणीस पावत्या, एजंटाकडे राहिलेल्या प्रती. सगळ्या छापील, मागे मुंगीएवढी अक्षरं, आणि खाली प्रत्येकीवर ताईची ठसठशीत सही.

"साहेब, या बाजूला सही कोणीच करत नाही. या बाई करतात. एकोणीस वेळा केली. आता अट ठाऊक नव्हती म्हणतात!"

न्यायाधीशांनी ताईला विचारलं, "वाचलं होतंत का?"

खोटं बोल ना गं! पण नाही. "वाचलं नव्हतं साहेब. सवय आहे," म्हणाली. तो वकील हसला. हातात चप्पल घ्यावीशी वाटली मला.

निकाल लागला: इतक्या वर्षांचा व्यवहार, मागे सही, तेव्हा अट लागू. केस तिकडच्या कोर्टात. काका पिशवीतून लाकूड काढत उभे राहिले. "साहेब, हे एकदा हातात घेऊन बघा..."

"आजोबा, इथे फक्त कोर्ट कुठलं ते ठरायचं होतं," न्यायाधीश मऊ आवाजात म्हणाले. "लाकडाचं तिकडे सांगा."

तिकडे! मी बाहेर येऊन ताईवर सगळा राग काढला. "कर अजून सह्या! सगळ्या दुनियेच्या पाठीवर कर!" ती काकांना हात देऊन पायऱ्या उतरवत राहिली. तिने उलट उत्तर दिलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

आठवड्याने निकालाची प्रत कारखान्यात आली. काका स्टुलावर बसले होते. ताईने पुढच्या बाजूला सही केली आणि हात आपोआप कागद उलटायला गेला. पाठ कोरी होती.

"ताई, हात आवर!" मी ओरडले.

तिने पेन थांबवलं. मग म्हणाली, "काका, बोला. मी लिहून घेते."

काकांनी पिशवीतलं लाकूड गालाला लावलं आणि डोळे मिटले. "लिही. लाकूड कोरडं होतं. मी स्वतः पाहिलं होतं."

ताईने लिहिलं. काकांनी कानावरची पेन्सिल काढून खाली सही केली, सावकाश, एकेक अक्षर. कागद तिच्याकडे सरकवला आणि विचारलं, "हे तिकडे वाचतील ना गं?"

ताई माझ्याकडे बघायला लागली. मला कधी कुणाला उत्तर द्यायला वेळ लागत नाही, पण त्या दिवशी मी खाली वाकून भुसा झाडत बसले.