मागचे भाग

त्यांना सगळे छत्रीवाले म्हणत. दवाखान्यातल्या केसपेपरवरसुद्धा एकदा तेच लिहिलं गेलं होतं. पावसाशी याचा काही संबंध नव्हता. गच्चीगच्चीवर टीव्हीच्या ज्या गोल छत्र्या आभाळाकडे तोंड करून बसलेल्या असतात, त्यातल्या निम्म्या या गृहस्थांनी बांधल्या होत्या. वीस वर्षं तेच काम. अंगात कंपनीचा निळा शर्ट, खांद्यावर वायरचं भेंडोळं, कमरेला पाना. आपण उंचीला कधी भ्यालो नाही, बायकोला मात्र भितो, असं ते स्वतःच लोकांना सांगत. माणूस गमत्या होता.

मग लोक मोबाइलवर सगळं बघू लागले आणि नवी जोडणी मागेनासे झाले. जे उरले ते म्हणायला लागले, दर महिन्याला रिचार्जची कटकट कशाला, ते फुकटवालं लावून द्या. फुकटवाल्यावर चॅनल कमी, पण एकदा बसवलं की डोक्याला ताप नाही. छत्री तीच राहते, फक्त तिचं तोंड दुसऱ्या उपग्रहाकडे वळवायचं आणि खालचा डबा बदलायचा. कंपनीने माणसं कमी केली तेव्हा छत्रीवाले पहिल्या यादीत होते. मग आपणच बांधलेल्या छत्र्या आपणच फिरवत ते हिंडू लागले. "पोटच्या पोरींची दुसरी लग्नं लावतोय," असं म्हणून हसायचे. त्या हसण्यात काही दम नसायचा.

घरी ते आणि त्यांची बायको, दोघंच. मूलबाळ झालं नाही. बायकोला मालिकेचं वेड. एकच मालिका, संध्याकाळी साडेसातला, चार वर्षं न चुकता. कुणा कापड दुकानदाराच्या तीन मुलींची गोष्ट होती. छत्रीवाल्यांनी तिचा एक भागही धड बघितला नव्हता. हलवायाला मिठाईचं काय कौतुक? दिवसभर लोकांची चित्रं लावून द्यायची आणि घरी आल्यावर टीव्हीकडे पाठ करून जेवायचं, असा त्यांचा खाक्या होता.

अशातच बायकोच्या पोटात दुखू लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी छत्रीवाल्यांना एकट्याला आत बोलावलं आणि फार तर तीन महिने, असं सांगितलं. बाहेर बाकावर बायको बसली होती. तिला हे म्हणाले, "आतड्याला सूज आहे. उतरेल हळूहळू."

त्या दिवसापासून हिला कळू द्यायचं नाही, एवढा एकच उद्योग त्यांनी मांडला. रिपोर्ट कामाच्या पिशवीत पकडीच्या खाली दडवला, कारण त्या पिशवीत ती कधी हात घालत नसे. शेजारच्या मावशींनाही त्यांनी सुजेचंच सांगितलं. रोज दाढी करायची, रोज एखादा विनोद करायचा. आयुष्यात एक खोटं धड बोलता न आलेला हा माणूस आता उठल्यापासून झोपेपर्यंत खोटं बोलत होता. त्याने ते आतून पोखरले जात होते.

महिनाभराने कंपनीचा निरोप आला. कामगारांना घरी जी जोडणी फुकट मिळायची, ती आता बंद होणार होती. छत्रीवाल्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं, की काहीही होवो, आपण स्वतः रिचार्ज मारायचा. हिची मालिका एक दिवस चुकता कामा नये.

"नको," बायको म्हणाली. "फुकटवालं लावा."

"अगं, तिथे तुझी मालिका पुन्हा पहिल्यापासून लावतायत. चार वर्षं मागे जाशील."

"माहितीये मला. मावशींकडे जाहिरात बघितली. परवा पहिला भाग आहे."

"आणि मालिकेतल्या त्या खटल्याच्या निकालाचं काय? दोन महिने त्या धाकटीबरोबर कोर्टात जाऊन बसलीयेस तू."

"लागेल की निकाल. माझ्यावाचून कोर्ट अडलंय थोडंच."

औषधांच्या खर्चासाठी ही मन मारतेय, असं छत्रीवाल्यांनी घेतलं आणि ते कधी नव्हे ते तिच्यावर चिडले. औषधाला काही कमी पडू दिलंय का मी, असं विचारलं. तिने भिंतीकडे कूस वळवली. मग यांचा नाइलाज झाला.

दुसऱ्या दिवशी ते गच्चीवर चढले. लग्नानंतरच्या दिवसांत, हातात सिग्नल मोजायचं मीटर नव्हतं तेव्हा, बायकोही कामावर बरोबर यायची. हे वर छत्री बोटभर फिरवायचे आणि ती खालून ओरडायची, आलं, गेलं, पुन्हा आलं. आवाज असा खणखणीत, की चार घरांना कळायचं. आता तिचा आवाज पलंगावरून दारापर्यंतही पोचत नव्हता. तिच्या हाताशी त्यांनी एक पेला आणि चमचा ठेवला होता आणि चित्र आलं की वाजव, म्हणून सांगितलं होतं. मीटरवर सगळे दिवे लागले तरी ते थांबून राहिले. मग खालून दोन बारीक ठोके ऐकू आले. त्यांनी नट आवळले, टाकीच्या कठड्यावर बसले आणि तोंडात रुमाल कोंबून रडले.

मालिका आता दुपारी चारला लागू लागली. तिसऱ्या भागाच्या दिवशी छत्रीवाले हातातलं काम लवकर आटोपून आले, तर ती उशीला टेकून बघत होती. पडद्यावर ती धाकटी दोन वेण्या घालून खिदळत होती.

"बघा कशी हसतेय," बायको म्हणाली. "पुढे काय वाढून ठेवलंय, काही पत्ता नाही बिचारीला."

छत्रीवाले पलंगाच्या कडेला टेकले. "खरं सांग. पैशासाठीच बदलायला लावलंस ना?"

"नाही हो. तिकडे निकाल कधी लागणार, कुणाला ठाऊक? अर्ध्यात उठून जायचं माझ्या जिवावर येतं. हे सगळं बघून झालंय. कुठेही उठलं तरी पुढचं ठाऊक असतं."

"उठून जातेस कुठे? सूज उतरली की आपण..."

"अहो." तिने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. तो हात आता नुसता हाडांचा राहिला होता. "जन्मभर तुम्हाला खोटं बोलता आलं नाही. आता कुठून येणार? किती सांगितलेत डॉक्टरांनी?"

त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाले, "तीन महिने. त्यातला एक गेला." आणि त्यांचा बांध फुटला. इतके दिवस जे लपवण्यासाठी जीव आटवला, ते तिला आधीच कळलं होतं. आणि तीही एकटीच ते सोसत बसली होती, हे त्यांना जास्त लागलं.

तिने त्यांना रडू दिलं. स्वतः बोटांवर काहीतरी मोजत होती.

"रविवार सोडले तर पन्नासेक भाग होतात," ती म्हणाली. "म्हणजे धाकटीच्या लग्नापर्यंत पोचते मी. पुढचं तुम्ही बघा."

"मी?"

"नाहीतर एकटे काय करणार आहात? मधूनच बसलात तर तुम्हाला ओ की ठो कळणार नाही. म्हणून पहिल्यापासून लावून घेतलं. दोन भाग चुकलेत, ते मी सांगते. वर बसा नीट."

छत्रीवाल्यांनी चष्मा शर्टाला पुसला, पाय वर घेतले आणि भिंतीला टेकून तिच्याशेजारी बसले. पडद्यावर एक टक्कल पडलेला माणूस कापडाचा तागा उलगडत होता. चेहऱ्याने अगदी भला वाटत होता.

"हा कोण?" त्यांनी विचारलं.

"मुलींचा बाप," ती म्हणाली. "याला जीव लावू नका. दहाव्या भागात जातो."