आडावरची गेरूची तारीख

करोनात आमच्या गावच्या मठाचं दार बंद होतं, तेव्हा पारावरचे रिकामटेकडे बोलायचे, साथ पसरते ती ह्या भोळ्या भाविकांमुळं. माझं डोकं फिरायचं. अरे, तुम्हाला काय ठाऊक? आमच्या गावात पूर्वी एकदा पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली होती, आणि ती कोणामुळं पसरली हे मला चांगलं माहीत आहे.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. तोवर आमचे कागद उस्मानाबादला जायचे, ते आता लातूरला जायला लागले. पाऊस मात्र नवा जिल्हा बघून काही आला नाही. मी आरोग्य खात्यात होतो, अहमदपूर तालुक्यात. माझ्याकडं सहा गावं, त्यातलं एक माझंच. काम साधं. विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकायची आणि काठावरच्या दगडावर गेरूनं त्या दिवसाची तारीख लिहायची. आधी मला बघून नाकाला पदर लावणाऱ्या बाया, शेजारच्या गावात पटकीनं माणसं गेल्यापासून तारीख वाचल्याशिवाय घागर सोडत नव्हत्या. ज्यांना वाचता यायचं नाही, त्या मला गाठून विचारायच्या, "लिव्हलं का?"

श्रावण आला तरी विहिरी कोरड्याच. पाणी उरलं ते मठाच्या आडाला, आणि शेजारच्या गावचे लोकही तिथंच भरू लागले. आम्ही लिंगायत. मठातल्या म्हाताऱ्या जंगमांना, म्हणजे आमच्या गुरूंना, सगळं गाव अप्पा म्हणायचं. श्रावणी सोमवारी त्यांची पाद्यपूजा व्हायची आणि पाय धुतलेलं पाणी तीर्थ म्हणून सगळे ओंजळीत घ्यायचे. माझी माय तर रोज मठात जाऊन ते घेतल्याशिवाय भाकरीचा तुकडा मोडायची नाही.

रविवारी मी पावडरीची बादली घेऊन मठाकडं निघालो, तर माय दारात आडवी आली.

"उद्या सोमवार हाय," ती म्हणाली. "तुझी पावडर लई घाण मारती. तीर्थाला दवाखान्याचा वास यावा का? मंगळवारी टाक."

"माय, पटकी शिवेवर येऊन बसलीय."

"ती येईल तवा येईल. अप्पांच्या पायाचं पाणी तुझ्या बादलीनं बाटवू नको."

मायपुढं माझं कधी काही चाललं नाही. आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. तीर्थ नासवलं म्हणून भावकीत नाव निघेल, ह्याची मला धास्ती होती. एका दिवसानं काय होतंय, असं म्हणून मी बादली माघारी ठेवली. इथवर माफी असेलही. पण सोमवारी साहेबांची जीप तपासणीला येणार होती आणि बिनतारखेचा आड त्यांनी पाहिला असता तर माझी काही धडगत नव्हती. म्हणून मी नुसता गेरू घेऊन गेलो आणि आडाच्या दगडावर ठसठशीत तारीख लिहून आलो.

साहेब काही आलेच नाहीत.

सोमवारी सकाळी मठ भरला. अप्पा पाटावर बसले, पण पाय पुढं करण्याआधी बोलले. "साथ चालू हाय म्हणून यंदा तीर्थ द्यायचं न्हाई असं मी ठरवलं होतं. पाण्यानंच पसरती म्हणतेत. पण पहाटं आडावर तारीख बघितली. औषध पडलेलं हाय. या, आता भ्यायचं कारण न्हाई."

मी खांबापाशी उभा होतो. तेव्हा बोलायचं होतं. दोन शब्दांचं काम होतं, अप्पा थांबा. मायनं माझ्याकडं बघितलं आणि गालात हसली. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगणार कोण. तिनं ओंजळ भरून तीर्थ घेतलं. मीही ओंजळ पुढं केली. तोंडापर्यंत नेली आणि सगळं पाणी सदऱ्याच्या बाहीत ओघळू दिलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

बुधवारी घरोघरी उलट्या-जुलाब सुरू झाले. मायला बैलगाडीत घालून अहमदपूरच्या दवाखान्यात नेलं. सलाईनची सुई टोचायला शीर सापडेना, इतकी ती वाळली होती. तिनं पाणी मागितलं. मी उकळलेलं पाणी चमच्यानं पाजलं, तेही राहिलं नाही. दुपारी ती गेली.

आमच्यात माणसाला बसवून माती देतात. त्याआधी जंगम आपला उजवा पाय मेलेल्याच्या डोक्याला लावतात. तो लागला की माणूस शिवापाशी पोचलं, असं मानतात. माय हयातभर म्हणायची, मला बाकी काही नको, शेवटी अप्पांचा पाय तेवढा लागू द्या.

अप्पांनाही जुलाब झाले होते. दोघांच्या खांद्यावर हात टाकून ते आले. खड्ड्याच्या कडेला मायला बसवली होती, कपाळाला विभूती लावली होती. मी म्हणालो, "अप्पा, पाय लावा."

अप्पांनी पाय मागं घेतला.

"आडात तर तू औषध टाकलं होतंस, लेकरा," ते म्हणाले. "पाणी चांगलंच होतं. म्हंजे खोट माझ्याच पायात हाय. ह्या पायानंच तिला मारली. तो तिच्या डोक्याला कसा लावू?"

सगळे माझ्याकडं बघत होते. खरं सांगितलं असतं तर नोकरी गेली असती, पण मायच्या डोक्याला पाय लागला असता. मायला तशीच खड्ड्यात उतरवली. मी खाली वाकलो आणि पहिली मूठ माती टाकली.

अप्पा पुढं बरीच वर्षं जगले. त्यांनी पुन्हा कोणाला पाय धुऊ दिले नाहीत. आडात पावडर टाकायला मी आठवड्याला मठात जायचो, तेव्हा ते जवळ यायचे, तारीख वाचायचे आणि मला हात जोडायचे.