तोंडाकडे बघणारा म्हातारा

लग्न होऊन मोडनिंबहून सोलापुरात आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. माझ्या जिभेला हाड नाही, असं आई सांगून सांगून थकली होती. नवरा कचेरीत कारकून. दहाला जायचा तो सहाला उगवायचा. दोन खोल्यांत माझा जीव रमेना. पातेलं घासावं, खिडकीशी जावं, परत यावं, घासलेलंच पातेलं पुन्हा घासावं, पुन्हा खिडकीशी. गल्लीत घरोघरी यंत्रमाग. सकाळपासून जी खटखट सुरू व्हायची, तिच्यात आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नसे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीणबाईंना सगळे अक्का म्हणत. त्या गॅलरीत उभ्या राहून नुसते ओठ हलवायच्या, हातवारे करायच्या, आणि मला खाली अंगणात त्यांचं सगळं कळायचं. महिन्याभरात मीही तसंच बोलायला शिकले. घसा मोकळा करून बोलायची सवय असलेल्या बाईला तेही एक दुखणंच होतं.

समोरचं घर तेलुगू विणकरांचं. मुलगा आणि सून आत माग चालवायचे आणि म्हातारा दारात स्टूल टाकून बसायचा. बसायचा आणि माझ्याकडे बघायचा. इकडेतिकडे नाही, सरळ तोंडाकडे. मी नळावर कुणाशी बोलायला लागले की याची नजर माझ्या ओठांवर. एकदा मी मुद्दाम पदर तोंडावर धरला, तर हा गडी मान वाकडी करून बाजूने बघायला लागला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू बघतेस म्हणून तुला दिसतो." मग मी दोन दिवस त्याच्याशीही बोलले नाही.

शेवटी एका दुपारी मी अंगणात तिरकी उभी राहून वर अक्कांना माझ्या मनातलं सांगितलं. माग धडधडत होते, तेव्हा आवाज काढायचा प्रश्नच नव्हता. नुसत्या ओठांनी म्हटलं, "समोरच्याला म्हातारचळ लागलाय. दिवसभर बायकांची तोंडं बघतो. घरात तरणी सून आहे, तिला तरी सोडत असेल का?"

अक्कांनी घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं. मला वाटलं, वाईट बोलू नकोस म्हणतायत. मी खांदे उडवून घरात गेले.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याचं स्टूल दाराशेजारच्या भिंतीशी सरकलेलं होतं. रस्त्याकडे पाठ, तोंड भिंतीला. मला काय आनंद झाला! आला वठणीवर, म्हटलं. का आला, कसा आला, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. मी आपली ताठ मानेने नळावर जाऊ लागले, आणि तरीही मला चैन पडेना. येताजाता त्या पाठीकडे बघण्याचा नादच लागला. उघडी, वाळलेली पाठ, पाठीचे मणके मोजून घ्यावेत अशी. सकाळी तशीच, दुपारी तशीच.

पंधरा दिवस गेले. एक दिवस वीज बंद होती, त्यामुळे माग थांबले होते आणि गल्ली कधी नव्हे ती गप्प होती. मी नळावरून येताना चुंबळ सरकली आणि भरलेला हंडा थेट म्हाताऱ्याच्या मागे फरशीवर आदळला. केवढा आवाज! तीन घरांतून बायका बाहेर आल्या. झाडावरचे कावळे उडाले. म्हातारा हलला नाही. पाणी पायाखाली आलं तेव्हा कुठे त्याने पाय उचलले.

सून धावत आली, हंडा उभा करू लागली. मी विचारलं, "ऐकू येत नाही का यांना?"

"कुटलं ऐकू येतंय, वैनी! सारा जन्म गिरणीत मागावर गेला. कान कवाच गेले की मामांचे." ती हसत म्हणाली. "पर ओठ बघून समदं कळतंय त्यांस्नी. गल्लीच्या त्या टोकाला कोन काय बोललं, ते हितं बसून सांगायचे."

अक्कांनी त्या दुपारी ओठांवर बोट का ठेवलं होतं, ते मला आता कळलं.

सुनेचं हसू मावळलं होतं. "आता काय झालंय, देव जाने. भिताडाकडं तोंड करून बसत्यात. मी ताट वाढलं तरी माझ्याकडं बघत न्हाईत. बघितल्याबिगर बोलू कशी त्यांच्यासंगं? पंदरा दिस झाले, माझा एक शब्द गेला न्हाई त्यांच्यापतोर. माझं काय चुकलं, तेबी कळंना."

मी म्हाताऱ्याच्या समोर जाऊन उभी राहिले. भिंत आणि स्टूल यांच्यामध्ये जेमतेम माणूस मावेल एवढी जागा होती. त्यांनी मान खाली घातली. मी खाली बसले, तर त्यांनी डोळे मिटून घेतले. हात जोडले, ते कुणाला दिसणार? मग सुनेला खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी बोललेलं वाक्य तिच्या तोंडावर, तिच्याच दारात, मला मोठ्या आवाजात पुन्हा म्हणावं लागलं. मागांची खटखट त्या दिवशी नव्हती. अक्का वरून ऐकत होत्या. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

सासऱ्याला हात लावायची रीत नव्हती, तरी तिने पुढे होऊन दोन्ही हातांनी त्यांची हनुवटी धरली, तोंड आपल्याकडे वर केलं आणि तसंच धरून ठेवलं. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले. ती तेलुगूत हळूहळू बोलत होती आणि ते तिच्या ओठांकडे बघत होते.

त्यानंतर ते पुन्हा रस्त्याकडे तोंड करून बसू लागले. नळावरच्या बायकांकडे, पोस्टमनकडे, अक्कांकडे, सगळ्यांच्या तोंडाकडे बघायचे, मोठमोठ्याने उत्तरं द्यायचे. आम्ही त्या घरात आणखी तीन वर्षं होतो. मी दारातून बाहेर आले की ते मान खाली घालायचे आणि मी गल्लीच्या वळणापलीकडे जाईपर्यंत वर बघायचे नाहीत.