लेकीच्या गावाला कोंबडी घेऊन

सकाळच्या एसटीत बसले तेव्हा मांडीवर पिशवी होती आणि पिशवीतून मान बाहेर काढलेली तांबडी कोंबडी. झरीजवळच्या आमच्या गावातून राणीसावरगावाकडं लेकीला भेटायला निघाले होते. आमच्याकडं लेकीच्या घरी मोकळ्या हातानं जात नाहीत.

कंडक्टर म्हणाला, "आज्जे, हिचं आधार कार्ड हाय का?"

"हाय की. फोटो तुझ्यापेक्षा बरा आलाय."

परभणीहून रेल्वेनं गोदावरी ओलांडून गंगाखेडला उतरले. स्टेशनाबाहेर भजी खाल्ली. तेल जुनं, मिरची मात्र ताजी. कोंबडीपुढं ज्वारी टाकली, तिनं बघितलंसुद्धा नाही. पुढं जीप. काळी रानं संपली आणि बरड (मुरमाड, हलकी जमीन) सुरू झाली.

लेकीच्या गावाच्या तोंडाशी रस्त्यावर आडवी दोरी बांधलेली. चुन्याची फक्की पसरून बचत गटाच्या दोन बाया बाजेवर बसलेल्या. त्यातली जाडी म्हणाली, "मावशी, बाहेरची कोंबडी गावात न्हाई. बर्ड फ्लूचं लय ऐकायलोत."

"सहा लेकरं वाढवली म्या. मला रोग शिकवतीस?"

तेवढ्यात दुसरी उठली. तोंडावर फडकं असल्यानं ओळखलंच नव्हतं. ती माझीच सुरेखा, माझी लेक! तिच्या चाळीस कोंबड्या आहेत आणि अंड्यांवरच तिचं घर चालतं.

"माय, गावात कोंबड्या मेल्यात का?"

"न्हाई," मी म्हणाले.

खरं तर शेजारणीच्या तीन पहाटे मरून पडल्या होत्या, तुरे निळे पडलेले. आमच्या गावात रोग आला की उरलेल्या कोंबड्या घाईनं पाहुण्यांकडं पोचवतात. मरायच्या आत कुणाच्या तरी पोटात जाव्यात, एवढाच विचार. मीही तेच केलं होतं. पिशवीत बघितलं तर तांबडीनं मान टाकलेली.

"शेजारणीच्या तीन मेल्या," मी सांगून टाकलं.

जाडी हसली. "मावशी, तुमी लेकीला रोगच आंदण आणलात की!"

सुरेखा हसली नाही. तिनं जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. हातमोजे घालून आलेला डॉक्टर तांबडीला डब्यात घालून घेऊन गेला. ताप आला तर लगेच दवाखाना गाठा, असं जाताना त्यानं मला बजावलं. सुरेखानं मला गावाबाहेरच्या नळावर साबणानं अंघोळ घातली, दुसरं लुगडं नेसवलं.

"आता तरी घरी नेतीस का?"

"न्हाई, माय. हितंच जेव."

तिनं भाकरी-पिठलं आणलं आणि दोरीपलीकडं बसून माझ्याशी बोलत राहिली. पिठलं खारट होतं. रागानं केलेलं असणार.

घरी परतले. दोन-तीन दिवसांत कळलं, रोग तोच होता. सरकारी माणसं आली तेव्हा मी आधी माझं खुराडं दाखवलं, मग शेजारणीचं. गावातल्या सगळ्या कोंबड्या त्यांनी मारून पुरल्या. शेजारीण आता माझ्याशी बोलत नाही. कानांना आराम आहे.

लेकीनं मला गावाच्या तोंडावरून परत पाठवलं, हे मी सगळ्यांना सांगते. तिनं आत घेतलं असतं, तर आज तिचंही खुराडं रिकामं असतं.