फळ्यावरचे नऊ ठिपके

आमच्या ऑफिसात फोन मी घेते. बावीस वर्षं झाली. "गाडी कुठवर आलीय?" असं लोक दिवसातून शंभरदा विचारतात आणि "निघालीय हो, पोचेलच" असं मी शंभरदा सांगते. त्यातल्या निम्म्या वेळा गाडी आमच्या आवारातच उभी असते. तेव्हा मी फार सरळ बाई आहे अशी कोणी समजूत करून घेऊ नये. पण हे माझ्याबद्दल नाही, शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मास्तरांबद्दल आहे.

मास्तर कुठल्या शाळेत शिकवायचे नाहीत. त्यांचं काम गाड्या लावायचं. म्हणजे कुठला माल कुठल्या ट्रकमध्ये भरायचा, तो ट्रक कोणी न्यायचा आणि कुठल्या रस्त्याने, हे ठरवायचं. एकतीस वर्षं त्यांनी ते भिंतभर काळ्या फळ्यावर खडूने ठरवलं, म्हणून ड्रायव्हर त्यांना मास्तर म्हणायचे. एक्केचाळीस गाड्या, एक्केचाळीस ओळी. खडू कानावर आणि उजवी बाही कायम पांढरी. "हा माणूस रोज पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा घरी येतो," असं त्यांची बायको म्हणायची.

आणि त्यांच्या त्या चिठ्ठ्या! निघणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला ते तळहाताएवढी चिठ्ठी द्यायचे. वर पत्ता आणि खाली चित्र. पाण्याची टाकी, मग डावीकडे बाण, मग पूल, मग दोन धुराडी. ज्या गोदामात माणूस दोनशे वेळा जाऊन आलाय तिथे जातानासुद्धा चित्र. ड्रायव्हर चेष्टा करायचे, "मास्तर, उद्या रंग पण भरा." मास्तर म्हणायचे, "भरतो. आधी तू गाडी रेघेत लावायला शीक."

दोन वर्षांपूर्वी मालकांची तब्येत ढासळली आणि त्यांची मुलगी कारभार बघायला लागली. आम्ही त्यांना धाकट्या बाई म्हणतो. त्या वाईट नाहीत, हे आधीच सांगून ठेवते, कारण असल्या गोष्टीत नव्या मालकिणीच्या डोक्यावर खापर फोडायची पद्धत आहे. एकाच गावाला एकाच दिवशी अर्ध्या भरलेल्या दोन गाड्या गेलेल्या त्यांनी पाहिल्या. माझं "पोचेलच" पण त्यांनी दोन-चार वेळा ऐकलं. मग त्या म्हणाल्या, आता सॉफ्टवेअर घ्यायचं.

ते दोन तऱ्हांनी घेता येत होतं. एक तयार मिळणारं, शेकडो कंपन्या वापरतात ते. पंधरा दिवसांत सुरू. माल आणि पत्ता भरला की जवळची रिकामी गाडी ते आपणच निवडणार, आणि ड्रायव्हरला दिलेल्या मुठीएवढ्या यंत्रावर पत्ता पाठवणार. दुसरं म्हणजे आपल्यापुरतं मुद्दाम बनवून घ्यायचं. त्याला पाच महिने लागणार आणि खर्च कितीतरी जास्त, पण ते मास्तरांच्या पद्धतीने गाड्या लावणार.

"ते चालवायला मास्तरच लागतील," धाकट्या बाई म्हणाल्या. "तयार घेतलं तर मात्र या टेबलाचं काम उरणार नाही. मी खोटं कशाला सांगू? माझा कल बनवून घेण्याकडे आहे."

मास्तरांना निवृत्त व्हायला चार वर्षं होती. घरी बसवण्यासारखा तो माणूसच नव्हता. त्यांच्या बायकोने मला एकदा फोनवर सांगितलं होतं, "रविवारी एक दिवस घरात असतात, तर माझे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवतात. मग मला सोमवारी मीठ सापडत नाही." म्हणून आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो होतो, की बनवूनच घेणार.

बनवणाऱ्या कंपनीकडून एक मुलगी आली. ती अकरा दिवस मास्तरांच्या शेजारी खुर्ची टाकून बसली. मी तिचं नाव प्रश्नवाली ठेवलं. ही गाडी यालाच का? तो रस्ता का नाही? आधी हा का, मग तो का? मास्तर सांगत होते, ती टाइप करत होती. गोदामाचं फाटक किती रुंद, कुठला ट्रक चढावर धापा टाकतो, कुठल्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत माल उतरवत नाहीत, सगळं सांगितलं. तिचे प्रश्न ऐकून माझ्याच नाकी नऊ आले, पण मास्तर खुशीत होते. इतकी वर्षं कोणी विचारलंच नव्हतं.

सहाव्या दिवशी ती फळ्याजवळ गेली. "हे काही नावांपुढे ठिपके कसले आहेत?"

"खडू झटकताना पडतात," मास्तर म्हणाले.

"रोज त्याच नऊ नावांपुढे?"

"नेम चांगला आहे माझा."

मी फोनमध्ये खोकले. पलीकडचं गिऱ्हाईक म्हणालं, बरं नाही का ताई?

मुलगी हुशार होती. शेवटच्या दिवशी तिने तिच्या कच्च्या सॉफ्टवेअरने लावलेल्या गाड्या मास्तरांच्या फळ्याशेजारी धरल्या. बत्तीस ओळी तंतोतंत जुळत होत्या, नऊ जुळत नव्हत्या. "इथे काहीतरी पाणी मुरतंय, मास्तर," ती हळूच म्हणाली. "या नऊ जणांचे नियम तुम्ही सांगितले नाहीत. नियम भरायचा तर कारणाचा रकाना भरावाच लागतो, आणि मोठ्या गिऱ्हाइकांना तो बघता येतो. तशी त्यांची अट आहे. नियम भरले नाहीत, तर हे आणि तयार मिळणारं, यात काही फरक राहत नाही."

"बघतो," मास्तर म्हणाले आणि डबा न उघडताच परत पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी निर्णय व्हायचा होता. संध्याकाळी साडेपाचला फोन जरा थंडावतो, तेव्हा ते माझ्याशी बोलले. फळ्याकडे बघत, माझ्याकडे नाही.

"ठिपका म्हणजे त्या माणसाचं काहीतरी सांगायचं नाही असं आहे, ताई. एकाचा भाऊ एका पुलावर अपघातात गेला, तो त्या पुलावरून गाडी नेत नाही. एकाला बायकोला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागतं. असं एकेक. आणि सगळ्यात जुना ठिपका लंबूचा."

लंबू म्हणजे आमचा सगळ्यात बुटका ड्रायव्हर. ट्रकमध्ये चढताना त्याला आधी एक उडी मारावी लागते, म्हणून हे नाव. एकोणीस वर्षांत त्याने कुणाच्या गाडीला खरचटूसुद्धा दिलेलं नाही.

"लंबूला वाचता येत नाही," मास्तर म्हणाले.

मला आधी वाटलं, चेष्टा करतायत. मग सात वर्षांपूर्वीचा कागद आठवला. एका मोठ्या गिऱ्हाइकाने अट घातली होती, की सुरक्षेचे नियम वाचता येतील असेच ड्रायव्हर हवेत. प्रत्येकाच्या कागदावर 'माझ्यासमोर वाचून दाखवले' असं लिहून मास्तरांनी सही केली होती.

"त्याने नाही वाचले. मी वाचले, त्याने पाठ केले. अजून म्हणून दाखवेल. तुम्हाला येतात का?"

मला येत नव्हते. "मग शिकवायचं होतं त्याला," मी म्हणाले.

"दोन वर्षं शिकवलं, जेवणाच्या सुट्टीत, मागच्या गोदामात. घाम फुटायचा बिचाऱ्याला. अक्षरं हलतात म्हणतो. एकदा पेन्सिल मोडून रडला, तेव्हा मीच हात टेकले."

"आणि चित्रं? ती त्याच्यासाठी? मग चाळीस जणांना कशाला काढत बसलात?"

"एकट्याला दिली असती तर लोकांनी विचारलं असतं, त्यालाच का."

एकतीस वर्षांतली एकोणीस वर्षं रोज एक्केचाळीस चित्रं. मग मी म्हणाले, धाकट्या बाईंना सांगा, त्या समजून घेतील.

"बाई चांगल्या आहेत. पण कागदावर गेलेली गोष्ट चांगल्या माणसाच्याच हातात राहते असं थोडंच आहे? त्याचं काम जाईल, सहीपायी माझं जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि बनवून नाही घेतलं तर तुमचं टेबल जाईल."

त्यावर त्यांनी बाही झटकली आणि पिशवी उचलली.

दुसऱ्या दिवशी धाकट्या बाईंनी आम्हाला आत बोलावलं, तेव्हा प्रश्नवाली पण होती. मास्तर म्हणाले, "तयार घ्या. स्वस्त आहे, लवकर सुरू होईल."

"मास्तर, विचार करून सांगताय ना? तुमच्या टेबलाचं मी बोलले होते."

"शिवून घ्यायचं म्हणजे शिंप्यासमोर सदरा काढावा लागतो, बाई. या वयात नको वाटतं."

धाकट्या बाई हसल्या. प्रश्नवाली हसली नाही. तिने दारातून फळ्याकडे एकदा पाहिलं, लॅपटॉप मिटला आणि मूग गिळून बसली. तिच्या कंपनीचं एवढं मोठं काम गेलं, पण ती एक शब्द बोलली नाही. तिला मी मनातल्या मनात प्रश्नवाली म्हणायचं सोडून दिलं.

मास्तरांवर मात्र मी भडकले होते. त्यांची मूठ झाकलेली राहिली, पण लंबूचं काय? ते यंत्र मी पाहिलं होतं. त्यात नुसती अक्षरं आणि तीही मुंगीएवढी. दाराबाहेरच्या दोन पायऱ्या उतरताना मी त्यांना गाठलं. "तुम्ही सुटलात. त्याला कोण वाचून दाखवणार?"

"बघू," ते म्हणाले.

पुढचा आठवडाभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. खरं सांगायचं तर मला रागापेक्षा भीती जास्त वाटत होती. लंबू दारातून डोकावून हात करायचा, तेव्हा मी फोन नसला तरी कानाला लावायचे.

निरोपाला काय भेट देऊ, असं धाकट्या बाईंनी विचारलं, तर मास्तरांनी खिडकी मागितली. माझ्या टेबलाशेजारच्या भिंतीत, आवाराच्या बाजूला. "ताई बावीस वर्षं कोंदट कोपऱ्यात बसल्यात," म्हणाले. मी कधीतरी तसं म्हटलं होतं, हे त्यांच्या लक्षात राहिलं म्हणून मला लाज वाटली, आणि माणूस लंबूचं सोडून खिडकीचं काय घेऊन बसलाय म्हणून पुन्हा संताप आला. ते बाहेर आवारात जाऊन उभे राहिले आणि खडूने भिंतीवर रेघ मारून आले. गवंडी कुरकुरला, "इतकी खाली खिडकी कोण काढतं? टेबलावरचे कागद उडतील."

"उडू देत. ताई वजन ठेवतील."

शेवटच्या दिवशी त्यांनी आपला खण रिकामा केला. कोऱ्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे आणि दोन पेन्सिली माझ्या खणात टाकल्या. "राहू देत तुमच्याकडे," म्हणाले. फळा उतरवला तेव्हा मागची भिंत पांढरीशुभ्र निघाली. मास्तर तिच्याकडे जरा वेळ बघत राहिले आणि बसची वेळ झाली म्हणून निघून गेले.

सोमवारी यंत्रं सुरू झाली. गाड्या फाटकाशी रांगेत लागल्या, सगळ्यात पुढे लंबूची. माझ्यासमोरच्या स्क्रीनवर लंबूच्या नावापुढे 'संदेश पोचला' असं आलं होतं, पण गाडी हलत नव्हती. दहा मिनिटं इंजिन नुसतं घुरघुरत होतं. मग ते बंद झालं.

खिडकीत एक हात आला. हातात यंत्र, मागे टोपी आणि टोपीखाली दोन डोळे. हनुवटी बरोबर चौकटीला टेकलेली, बोटभर वर नाही की खाली नाही.

"ताई," लंबू म्हणाला, "डोळ्यात कचरा गेलाय. जरा बघता का काय लिहिलंय?"

मी चौकटीकडे बघतच राहिले. मास्तरांनी मला एका शब्दाने विचारलं नव्हतं. मी नाही म्हणणार नाही, हे गृहीत धरून माणूस उंची मोजून गेला होता. मला त्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

मी पत्ता वाचून दाखवला. मग खण उघडून चिठ्ठी काढली आणि टाकी काढली, बाण काढला, पूल काढला. त्याने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली.

"मास्तरांची टाकी जरा गोल असायची."

"चालवून घे."

"कळते की," तो म्हणाला, आणि उडी मारून ट्रकमध्ये चढला.

त्याच्या मागचा ड्रायव्हर हे बघत उभा होता. "ताई, त्याला काय दिलंत?"

मी दुसरी चिठ्ठी ओढली. "इकडे ये. तुझा पत्ता सांग."

"मला कशाला? मला यंत्रावर आलंय, वाचलंय मी."

"घेऊन जा म्हटलं ना!"

टेबलावर फोन वाजत होता. मी तो वाजू दिला आणि पेन्सिलीला टोक काढलं. अजून एकोणचाळीस जण बाकी होते.