बोलक्या भोपळ्याची साक्ष

मंडईच्या पायरीवर पाटीभर लिंबं घेऊन बसायचो, तिथून स्वतःच्या गाळ्यापर्यंत पोचलो तो तोंडाच्या जोरावर. घासाघीस करताना मी कुणाला हार गेलो नाही. एकदाच गेलो, तेही एका भोपळ्याला.

तेव्हा आयटीच्या वाऱ्याने वारज्यात इमारती उगवत होत्या. जिथून माझी मेथी यायची त्या रानात काचेची इमारत झाली आणि तिच्यात कार्टून काढणारी मंडळी येऊन बसली. त्यांना टीव्हीसाठी मुलांचा कार्यक्रम करायचा होता. माणसं खरी, भाज्या चित्रातल्या, आणि दोघांनी मिळून वजनमापं शिकवायची. दिग्दर्शिका मला विचारायला गाळ्यावर आली.

मी सगळं आधी ठरवून घेतलं. टोपी माझी, तराजू माझा, आणि वर फुकट कोथिंबीर घातलेली दिसलीच पाहिजे. ती सगळ्याला हो म्हणाली. एवढ्या लवकर हो म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचा मला एरवी संशय येतो.

शूटिंगला हिरव्या पडद्यापुढे उभं केलं. शेजारी काठीला बांधलेला चेंडू.

"काका, इथे नंतर भोपळा येईल. त्याच्याकडे बघून हसायचं आणि मान हलवायची."

"तो बोलणार काय?"

"ते अजून लिहायचंय."

मी हसलो आणि मान हलवली.

रविवारी चहावाल्याच्या टीव्हीपुढे मीच सगळ्या गाळेवाल्यांना जमवलं. भोपळा डोळा मिचकावून म्हणाला, "काय काका, आज पुन्हा तराजूला बोट लावलंत ना?" आणि मी, अख्ख्या महाराष्ट्रासमोर, प्रसन्न हसून मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं भाजीऐवजी माझी बोटं निरखायला लागली. समोरच्या गाळेवाल्याच्या पारड्याखाली चिंच चिकटवलेली असते हे सगळ्या मंडईला ठाऊक. तो साळसूदपणे म्हणाला, "टीव्हीवाले खोटं कशाला दाखवतील?"

मी वारज्याला जाऊन काचा हादरतील असा आवाज चढवला.

"काका, तो विनोद होता," दिग्दर्शिका म्हणाली.

"मग तो तुमच्या धंद्यावर करा."

मला पुन्हा चित्रित करणं त्यांना जमणार नव्हतं, भोपळ्याचं वाक्य तेवढं बदलता येणार होतं. मी हटून बसलो. शेवटी ठरलं, पुनर्प्रसारणात भोपळा म्हणेल, "काका, आज वजन अगदी बरोबर आहे ना?" त्यातलं 'अगदी' मी भांडून घेतलं. जिंकून परतलो, असं मला वाटलं.

कार्यक्रम पुन्हा लागला. दुसऱ्याच दिवशी शनिवार पेठेतल्या माझ्या नेहमीच्या बाई वांगी घ्यायला आल्या.

"पाहिलं हो तुम्हाला. आज वजन अगदी बरोबर होतं म्हणे."

"होतंच."

"मग एरवी?"

मी वांगी पारड्यात टाकली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. बाईंनी वाकून काटा पाहिला, पुन्हा पाहिला, मग पिशवी पुढे केली.

कोथिंबीर मात्र मी घातली नाही.