परातीतली नोगायची बाजू

तियेस गावात रेल्वेच्या जुन्या कारखान्यामागे मागेत न्जाय नावाच्या बाईचं घर आहे. अंगणात आंब्याचं झाड, झाडाखाली चटई, आणि दुपारी अडीचला त्या चटईवर परात. घरात माणसं तीन असोत की तेरा, परात एकच. जो तो आपल्या समोरच्या बाजूचा भात खातो. मधोमध मासा आणि भाज्या असतात, त्या घरच्या बाईनं तोडून ज्याच्या त्याच्या बाजूला सरकवायच्या. कुणाला केवढा तुकडा द्यायचा, हे तिच्या हाताला ठाऊक असतं.

मागेतच्या हातच्या भाताचं नाव गल्लीत होतं. कुणाचं बारसं असो की मयताचा आठवा दिवस, मोठं पातेलं चढलं की तिला बोलावणं जायचं. नवरा बासिरू जोप रेल्वेत फिटर होता, त्याला जाऊन सहा वर्षं झाली. दोन्ही मुलगे इटलीला. घरात ती आणि दिराची मुलगी रोखाया, शिवणकाम शिकणारी, एवढ्या दोघीच.

लग्न झालं तरी तिकडे बाई माहेरचं आडनाव सोडत नाही. म्हणून मागेत न्जायच राहिली, नवरा नि मुलं जोप. आणि न्जाय नि जोप हे पिढ्यान्पिढ्यांचे थट्टेचे सोयरे. बाजारात, दवाखान्यात, अगदी मयताच्या दारातसुद्धा न्जायला जोप भेटला की त्यानं म्हणायचं, "काय रे खादाडा, संपवलास का सगळा भात?" मग जोपानं म्हणायचं, "तुझ्या घरचा उरलाय की अजून." याचा राग कुणी धरत नाही. उलट असं काही न बोलता कुणी पुढे गेला तर माणसं विचारात पडतात, याचं काय बिनसलंय.

मागेतनं तेहतीस वर्षं नवऱ्याला परातीवर असंच छळलं. त्याला खरवड फार प्रिय. ती पातेल्याच्या बुडाची खरवड काढून त्याच्या बाजूला टाकायची आणि म्हणायची, "घे जोप, आता पातेलंही खा." तो गेला आणि तिच्या जिभेला काही कामच उरलं नाही. रोखायाही जोपच, पण पोटच्या पोरीसारखी. तिला काय छळायचं.

अशात कॉलेजच्या साँबूबाई घरी आल्या. परदेशातून शिकायला येणाऱ्या मुलांची घरोघरी सोय लावणं हे त्यांचं काम. अमेरिकेतली एक मुलगी चार महिन्यांसाठी येणार होती, मेरिडिथ नावाची, वय वर्षं वीस. गावाकडची, मक्याच्या शेतांच्या मुलखातली. मागेत म्हणाली, "आणा. खोली रिकामीच आहे."

मुलगी आली ती उंच, लाल गालांची, खांदे पाडून चालणारी. आपल्या उंचीनं कुणाला अडचण होईल की काय, असा भाव. पहिल्याच दिवशी मागेतनं तिला सासूचं नाव दिलं. नोगाय. आणि आडनाव घरचं. नोगाय जोप. परातीवर बसताना तिला चमचा दिला, माशाचा पोटाकडचा तुकडा तिच्या बाजूला सरकवला. मुलगी भुकेली होती. मन लावून जेवली, आणि तिच्या समोरचा भात खोलवर गेला तेव्हा मागेतच्या तोंडून सहा वर्षांनी ते शब्द निघाले.

"ही खरी जोप. बघा, परातीचं बूड दिसायला लागलं."

शेजारचे बिरामभाऊ जेवायला होते. तेही न्जाय. ते म्हणाले, "मागेत, भाताचं पोतं खोलीत कुलपात ठेव."

सगळे हसले. मुलगीही हसली, आधी सगळ्यांच्या तोंडाकडे बघून. तिला भाषा येत होती, पण मोजूनमापून. शब्द कळायचे, त्यामागचं कळायला वेळ लागायचा. तिसऱ्या दिवशी तिनं खरवडीचा दुसरा तुकडा उचलला तेव्हा मागेत म्हणाली, "माझं घर खाऊन टाकणार ही पोर." त्या दुपारी नमाजेनंतर तिनं बासिरूसाठी दुवा केली आणि मनात म्हणाली, तुझी जागा भरली बघ, परातीपुरती तरी.

पहिला आठवडा सरता सरता मुलगी लवकर चमचा खाली ठेवू लागली.

"पोट भरलं," ती म्हणायची.

पोट भरलं असं कुणी म्हटलं तर पहिल्यांदा कुणी खरं मानत नाही. मागेतनं आग्रह केला. "जेव, अजून काहीच खाल्लं नाहीस."

"भरलं, याय. देवाची कृपा." आईला तिकडे याय म्हणतात, एवढे शब्द ती न चुकता म्हणायची.

मागेतनं दोनदा म्हटलं, तीनदा म्हटलं, रोज म्हटलं. मुलीचे कान लाल व्हायचे आणि ती उठून हात धुवायची. अशात गल्लीतल्या कुणीतरी सांगितलं की मागे एका घरी अशीच एक अमेरिकन मुलगी होती, ती परातीवर दोन घास खायची आणि खोलीत जाऊन पेटीतली बिस्किटं. मागेतला ते लागलं. जिच्या पातेल्यासाठी लोक माणूस पाठवतात, तिच्या हातचं हिला उतरत नाही. तिनं खोलीत बिस्किटं आहेत का ते पाहिलं नाही. विचारलंही नाही. आग्रह तेवढा बंद केला.

मग एका दुपारी मासा तोडताना तिनं बिरामभाऊंच्या बाजूला तुकडा सरकवला, रोखायाच्या बाजूला सरकवला, आणि हात मागे घेतला. नोगायच्या बाजूला नुसता भात. मागेतला माहीत होतं आपण काय केलं. तिनं मनाला सांगितलं, नाहीतरी खाणार नाही, वाया कशाला. परातीच्या मध्यातून स्वतः ओढून घेणं मुलीला कुणी शिकवलं नव्हतं, आणि घ्यायचंही नसतं. दुसऱ्या दिवशीही तसंच. पुढे ती सवयच झाली. तोंडानं मात्र थट्टा चालू होती, कारण थट्टा थांबवली असती तर राग आहे हे उघड झालं असतं.

तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी मुलगी वर्गात चक्कर येऊन पडली.

मागेत दवाखान्यात पोचली तेव्हा तिला सलाईन लावलं होतं. डॉक्टर साँबूबाईंना म्हणत होते, "आजार काही नाही. पोटात अन्न नाही. ही राहते कुठे?"

साँबूबाईंनी मागेतकडे पाहिलं. "मागेतबाई, असं कसं झालं?"

पाहुणी आपल्या घरी उपाशी राहिली, हे चार लोकांसमोर ऐकायला मागेतचे कान तयार नव्हते. ती म्हणाली, "तिला आमचं जेवण चालत नाही. मी मासा वाढते, ती बाजूला सारते. मी तरी काय करू?"

मुलगी डोळे मिटून पडली होती. झोपली होती की नाही, कळलं नाही. साँबूबाईंनी वहीत लिहून घेतलं. "मग हिला वेगळं ताट वाढणारं घर बघायला हवं. बकरीद होऊ दे, मग हलवते."

मुलगी घरी आली, निमूटपणे. मागेतनं तिला बाजरीची पातळ पेज करून दिली आणि पेज देताना तिच्याकडे पाहिलं नाही.

बकरीदेच्या दिवशी सकाळची नमाज झाली की माणसं एकमेकांची माफी मागतात. वर्षभरात माझं काही चुकलं असेल तर माफ कर, असं एकानं म्हणायचं. माफ केलं, देव आपल्या दोघांना माफ करो, असं दुसऱ्यानं. मागेतनं सकाळपासून तीसएक जणांना हे म्हटलं होतं. नवा निळा झगा घालून ती अंगणात आली तेव्हा नोगाय कांदे चिरत बसली होती.

"नोगाय, माझं काही चुकलं असेल तर माफ कर," मागेत म्हणाली.

"माफ केलं, याय. देव आपल्या दोघींना माफ करो." रोखायानं पढवलेलं मुलीनं बिनचूक म्हटलं.

मागेतला वाटलं, झालं.

दुपारी मटण भाजून झालं. अंबाडीच्या फुलांचं सरबत फिरलं. बिरामभाऊ दारातूनच म्हणाले, "ती जोप आहे का अजून घरात? मग माझ्यापुरतं एखादं हाड तरी राहिलंय का बघा."

नोगायनं हातातला तुकडा परातीत परत ठेवला आणि आंब्यामागे नळावर गेली. रोखाया तिच्यामागे गेली. दोघी बराच वेळ बोलत होत्या. आधी रोखायाच्या हसण्याचा आवाज आला, मग तो बंद झाला. मग ती स्वयंपाकाच्या खोलीत आली.

"काकू, एक सांगते. रागवू नका."

"सांग ना."

"तिला वाटतंय, ती फार खाते म्हणून तुम्ही तिला घालवताय."

"हे कोण म्हणालं तिला?"

"तुम्हीच. पहिल्या दिवसापासून. बिरामभाऊ. मीसुद्धा हसलेच की." रोखाया झग्याला हात पुसत राहिली. "तिच्या देशातून निघताना बजावलंय म्हणे, ज्या घरी राहाल तिथे भार होऊ नका. ती वहीत लिहून ठेवते, रोज किती घास घेतले ते."

"किती?"

"काल अकरा."

मागेत पाटावर बसली. अकरा घास. कुलपात ठेवायचं पोतं, परातीचं बूड, घर खाऊन टाकणार. एकेक वाक्य तिला आठवलं, आणि प्रत्येक वाक्याच्या वेळी आपण किती सुखात होतो तेही आठवलं. बासिरूला जे लाडानं म्हटलं, त्यानं या पोरीची भूक मारली.

ती उठली आणि नळाजवळ गेली. न्जाय काय, जोप काय, थट्टेचे सोयरे काय, सगळं तिनं मुलीला सांगितलं. मुलीला समजेल अशा सोप्या शब्दांत, थांबून थांबून. नवऱ्याचं सांगितलं. खरवडीचं सांगितलं.

मुलगी ऐकत होती. "म्हणजे ती थट्टा होती."

"थट्टाच गं."

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची."

मुलीनं थोडा विचार केला. "मग मासा का बंद केला?"

मागेतला वाटत होतं, तिच्या ते लक्षात आलं नसेल.

थट्टेआड लपायला अजूनही वाव होता. पण सकाळी या मुलीकडून आपण माफी घेतली ती फसवून घेतली, हे मागेतला आता स्वच्छ दिसत होतं. देवाला काय, त्याला परातीची प्रत्येक बाजू दिसते.

"तो मी मुद्दाम बंद केला," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला माझ्या हातचं आवडत नाही. मला राग आला. आणि दवाखान्यात साँबूबाईंना सांगितलं की मी वाढते नि तू बाजूला सारतेस. ते खोटं होतं. सकाळी माफी मागितली तेव्हा यातलं काही सांगितलं नव्हतं. आता सांगून मागते."

मुलीनं नळ बंद केला. सकाळी पाठ म्हटलेलं उत्तर तिला येत होतं, पण ते तिनं म्हटलं नाही. "मी ऐकलं होतं," एवढंच म्हणाली. "दवाखान्यात. मी जागी होते."

मागेतनं मटणाचं एक झाकलेलं भांडं घेतलं आणि नव्या झग्यातच साँबूबाईंचं घर गाठलं. साँबूबाई ख्रिस्ती, बकरीदेला त्यांच्याकडे दहा घरांतून मटण येतं. त्यांना वाटलं, त्यासाठीच आली.

"वही काढा," मागेत म्हणाली. "त्या मुलीबद्दल मी सांगितलं ते खोडा. तिनं कधी काही बाजूला सारलं नाही. मी वाढलं नाही."

साँबूबाईंनी भांडं खाली ठेवलं. "बाई, हे लिहिलं तर तुमच्याकडे पुन्हा मुलगी येणार नाही."

"लिहा."

त्यांनी लिहिलं. मग म्हणाल्या, "पण सोमवारी तिला हलवायचं ठरलंय ते ठरलंय. तिला मी विचारलं होतं. जाते म्हणाली. परातीवर बसायची भीती वाटते, म्हणाली."

सोमवारी मुलगी गेली. जाताना तिनं याय म्हणून मागेतचा हात हातात घेतला आणि सोडला. मागेतनं तिच्या पिशवीत भुईमुगाच्या शेंगा घातल्या. पुढे दोन आठवडे दुपारी परात मांडली की तिचा हात मासा तोडून रिकाम्या बाजूकडे जायचा. बिरामभाऊ ते बघून न बघितल्यासारखं करायचे. थट्टा त्या अंगणात कुणी केली नाही.

मग एका रविवारी बरोबर अडीचला दारात नोगाय उभी. जेवणाच्या वेळी दारात आलेल्या माणसाला का आलास असं विचारत नाहीत. रोखाया सरकली, मुलगी तिच्या जुन्या जागी बसली. मागेतनं माशाचा पोटाकडचा तुकडा तोडून तिच्या बाजूला सरकवला. मग अजून एक. गाजर, वांगं, कोबीचा तुकडा.

मुलीनं चमचा हातात घेतला होता, भातात घातला नव्हता.

"न्जाय," ती म्हणाली, आणि तिचे कान लाल झाले, "एवढ्याशा भातात माझं काय होणार?"

बिरामभाऊंचा घास हातात राहिला. रोखाया काकूकडे बघू लागली. न्जायला जोपानं असं म्हटलं की उत्तर द्यायचं असतं, आणि मुलगी उत्तराची वाट बघत थांबली होती. उत्तराशिवाय ती जेवणार नाही असं दिसत होतं. मागेतजवळ तेहतीस वर्षांची उत्तरं होती, आणि त्यातलं एकही उच्चारायची तिची हिंमत नव्हती.

"जोप," ती शेवटी म्हणाली. आवाज नीट निघाला नाही, म्हणून पुन्हा म्हणाली, "जोप, माझं घर खाऊन टाकशील तू."

मुलीनं चमचा भातात घातला.

मागेतनं मान खाली घातली. घास मोजायचे नाहीत असं ठरवूनही ती मोजत राहिली. अकरा गेले, बारा गेले. अठराव्या घासाला तिनं झग्याच्या बाहीनं डोळे पुसले आणि रोखायाला म्हणाली, "जा, पातेल्याची खरवड काढून आण."